कडक वागू की मवाळ? आंब्याच्या शेडमधला प्रश्न

"मॅडम, मला माणसं सांभाळता येत नाहीत. ते माझ्या स्वभावातच नाही." रत्नागिरी तालुक्यातल्या एका बागायतदार घरातली सून ऐन एप्रिलमध्ये माझ्याकडे आली, ती हे ठरवूनच. तिला वैशाली म्हणू. ओळख पटू नये म्हणून काही तपशीलही बदलले आहेत.

सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि बाग, पॅकिंगची शेड, गडीमाणसं सगळं तिच्या अंगावर पडलं. नवरा मुंबईत नोकरीला. सासरे ओरडायचे आणि कामं व्हायची. हिने आधी गोडीगुलाबीने घेतलं, तर पेट्या वेळेवर भरेनात. मग सासऱ्यांसारखा आवाज चढवून पाहिला, तर शेडमधले सगळ्यात जुने तात्या कामावर यायचेच बंद झाले.

हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. बोटमालक विचारतात, बचत गटाच्या अध्यक्षा विचारतात, नव्याने मुख्याध्यापक झालेले शिक्षक विचारतात. कडक वागू की मवाळ? प्रत्येक जण आपल्या स्वभावात उत्तर शोधत असतो. मी त्यांना स्वभाव जरा बाजूला ठेवायला सांगते. समोर कोण आहे, त्याला हे काम किती येतं, हाताशी वेळ किती आहे आणि चूक झाली तर ती केवढ्याला पडेल, एवढं आधी बघायचं.

वैशालीला मी अलीकडची भांडणं कागदावर लिहायला सांगितली. कोणाशी, कुठल्या कामावरून, वेळ किती होता, बस.

पहिलं नाव तात्यांचं. सासऱ्यांच्या तरुणपणापासून ते प्रतवारी करतात. फळ हातात घेतलं की वजनाचा अंदाज सांगतात आणि काटा बहुतेक वेळा त्यांचंच म्हणणं खरं करतो. अशा माणसाच्या मागे उभं राहून वैशाली प्रत्येक पेटी उघडून बघत होती. दुसरी नोंद नव्या मुलींची. त्यांना ती म्हणाली होती, "तुम्हाला जमेल तसं भरा गं." मुलींनी आंबे हाताळताना डेख, म्हणजे आंब्याचा देठ, मोडली, चीक सालीवर ओघळला आणि काळे डाग पडले. वाशीच्या बाजारात त्या पेट्यांना भाव मिळाला नाही. मग ती मुलींवर भडकली.

दोन्ही नोंदी तिने शेजारी शेजारी ठेवून वाचल्या आणि स्वतःच म्हणाली, "म्हणजे ज्यांना सगळं येतं त्यांना मी शिकवत बसले आणि ज्यांना काहीच येत नाही त्यांना मोकळं सोडलं."

पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड या व्यवस्थापनाच्या दोन अमेरिकी अभ्यासकांनी 1969 मध्ये नेमकं हेच मांडलं. नवख्याला नीट सांगा आणि लक्ष ठेवा. थोडं शिकलेल्याला कारणं समजावा. ज्याला येतं पण मन कचरतं त्याच्याशी सल्लामसलत करा. ज्याला येतं आणि जो मनापासून करतो त्याच्यावर सोपवा. एकच माणूस एका कामात जाणता आणि दुसऱ्यात नवखा असू शकतो, हे मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. तात्या प्रतवारीत पक्के, पण मोबाइलवरून हिशोब पाठवायचा म्हटला की त्यांनाही शेजारी बसून दाखवावं लागतं.

"पण सासरे सगळ्यांवर ओरडायचे, ते कसं चालायचं?" तिने विचारलं. मी तिला मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत दहा वर्षांच्या मुलांच्या गटांवर केलेल्या, 1939 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाबद्दल सांगितलं. हुकूम सोडणारा म्होरक्या खोलीत असेपर्यंत मुलं झटून काम करायची, त्याची पाठ वळली की काम थंडावायचं. चर्चा करून चालणाऱ्या गटात तो नसतानाही काम सुरू राहायचं. म्होरक्या नुसता हजर असायचा, काही सांगायचाच नाही, तिथे काम सगळ्यात ढिसाळ. वैशाली पटकन म्हणाली, "मामंजी म्हणून तर कधी शेड सोडून गेलेच नाहीत."

तरीही हुकमाची वेळ येतेच. कागदावरची तिसरी नोंद अवकाळी पावसाची होती. आभाळ भरून आलं, उतरवलेला माल क्रेटमध्ये उघड्यावर, आणि ही सगळ्यांना विचारत होती, "काय करू या?" ठरेपर्यंत क्रेट भिजले. तिथे मोठ्या आवाजात "तू ताडपत्री, तू क्रेट" एवढंच हवं होतं. फक्त ते आदल्या दिवशी, शांतपणे बोलून ठेवायचं: "पाऊस आला की मी विचारणार नाही, सांगेन. राग धरू नका."

मग तिने घडी बदलली. तात्यांच्या घरी जाऊन प्रतवारी त्यांच्याकडे पूर्ण सोपवली. ती फक्त संध्याकाळचा आकडा बघू लागली. नव्या मुलींना एका टेबलावर घेऊन डेख कशी सांभाळायची, पेंढा किती घालायचा हे हाताने दाखवलं आणि सुरुवातीला पेटी न् पेटी तपासली. कामाची वेळ मात्र सगळ्यांनी बसून ठरवली, कारण घरचं पाणी, स्वयंपाक, मुलांची शाळा हे त्या बायकांनाच ठाऊक. रात्री ट्रक निघायची वेळ चर्चेला ठेवली नाही.

सगळं गोड झालं नाही. एक मुलगी सोडून गेली. तात्या परतले, पण बरेच दिवस कामापुरतंच बोलत होते. शिवाय कुरकुर सुरू झाली: "तात्यांना कोणी विचारत नाही, आमच्याच पेट्या का उघडता?" त्यावर वैशालीने मुलींना सरळ सांगितलं की हात बसला की त्यांच्याही उघडणार नाही. मजुरी, सुट्टी, जेवणाची वेळ आणि बोलण्यातला मान या गोष्टी मी तिला सगळ्यांसाठी अगदी सारख्या ठेवायला लावल्या. यात उन्नीस-बीस झालं की माणसांना पक्षपात वाटतो, आणि तो वाटणं रास्त आहे.

मे महिन्यात कॅनिंगला जाणाऱ्या मालाचा काटा तिने त्याच मुलींपैकी एकीकडे दिला. सुरुवातीला रोजची बेरीज वैशाली पुन्हा करून बघायची. आता आठवड्यातून एकदा बघते.