गादी सरकली, बसली की फुटली?

प्रश्न: 'आमच्या कोल्हापुरात कंबर धरली की कुणी म्हणतं "गादी सरकलीय", कुणी म्हणतं "मणक्यात गॅप आलाय". यातलं बरोबर कोणतं?'

'गादी' हा शब्द उत्तम आहे, तो सोडू नका. अडचण क्रियापदाची आहे. गादी जागची सरकतच नाही.

गादी म्हणजे दोन मणक्यांमधली लवचीक चकती (डिस्क). पाठीच्या कण्यात अशा 23 गाद्या. प्रत्येकीच्या वर-खाली कूर्चेचा (मऊ, लवचीक हाडाचा) पातळ थर आणि भोवती चिवट तंतूंचं वलय, 15 ते 25 थरांचं. एका थरातले तंतू आडव्या रेषेशी साधारण 30 अंशांत कललेले, तर पुढच्या थरातले उलट बाजूला. म्हणून पीळ कुठूनही बसो, काही थर ताण धरतातच. बाहेरचे तंतू थेट मणक्याच्या हाडात रुजलेले असतात. मग सरकणार कशी?

वलयाच्या आत लिबलिबीत गाभा. जन्माच्या वेळी त्यात 80 ते 90 टक्के पाणी असतं आणि ते धरून ठेवतं ॲग्रेकन नावाचं मोठं रेणूजाळं. हे ॲग्रेकन बनवणाऱ्या पेशी मात्र गादीच्या आकारमानाच्या जेमतेम 1 टक्का. बाळाच्या गाभ्यात नोटोकॉर्डच्या (गर्भात कण्याच्या जागी आधी बनणाऱ्या दांड्याच्या) मोठाल्या पेशी असतात. दहाव्या वर्षाच्या आसपास त्या जवळजवळ संपतात आणि कूर्चापेशींसारख्या लहान पेशी उरतात. गाभ्यात रक्तवाहिनी नाही. मधोमध बसलेल्या पेशीला ग्लुकोज मिळतं ते 6-8 मिलिमीटरवरून, कूर्चेतून झिरपत. तिचं लॅक्टिक आम्लही त्याच वाटेनं बाहेर पडतं. वयानुसार या कूर्चेत चुना साठतो, वाट अरुंद होते. ॲग्रेकनचे तुकडे पडतात, पाणी 70 टक्क्यांपर्यंत उतरतं, गाभा पिवळसर, तंतुमय होतो, गाभा कुठे संपला आणि वलय कुठे सुरू झालं तेही नीट कळत नाही. गादीची उंची घटते. याला मराठीत नेमकं क्रियापद आहे: गादी बसली. कापसाची गादी बसते तशीच, फक्त ही पिंजून पुन्हा भरता येत नाही. एमआरआयच्या रिपोर्टात 'डेसिकेशन' लिहिलेलं असतं ते हेच. पाणी धरणारा गाभा तिथं पांढरा दिसतो, सुकलेला काळा. पाठ अजिबात न दुखणाऱ्या अनेकांच्या एमआरआयमध्येही हे दिसतं, तेव्हा त्या एका शब्दानं घाबरू नये.

'गॅप आलाय' तर साफ उलटं. एक्स-रेत गादी दिसत नाही, दोन मणक्यांमधली जागा तेवढी दिसते. गादी बसली की ती जागा कमी होते. ऐकणाऱ्याला वाटतं मणके लांब गेले. प्रत्यक्षात ते जवळ आलेले असतात. 'गॅप कमी झालाय' म्हणा.

वलय शाबूत राहून कड बाहेर आली तर 'गादी फुगली'. वलयाला चीर पडून गाभा बाहेर आला तर 'गादी फुटली'. मागे मधोमध अस्थिबंध (हाडं बांधून ठेवणारा पट्टा) आडवा येतो, म्हणून गाभा बहुधा मागच्या एका कुशीला निसटतो, तिथली नस दाबतो आणि कळ पायात उतरते. कंबरेच्या शेवटच्या दोन गाद्यांत हे सर्वाधिक घडतं.

'सरकला' हे क्रियापद मणक्यासाठी राखून ठेवा. वरचा मणका खालच्यावर पुढे घसरतो, तो खरोखरच सरकलेला असतो. तो आजार वेगळा, उपचारही वेगळे. म्हणून 'सरकलंय' असं कानावर आलं की गादी की मणका, हे डॉक्टरांना तिथंच विचारून घ्या.