फी माफ झाली, बुटांचे आणि खुराकाचे काय?

प्रश्न : माझी मुलगी तालुक्याच्या महाविद्यालयात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असून विद्यापीठाच्या संघातून ५,००० मीटर धावते. महाविद्यालयाने तिची फी माफ केली आणि एक ट्रॅकसूट दिला. बूट, खुराक आणि जाणे-येणे मात्र पाच एकर कोरडवाहू कापसावर चालते. अमेरिकेत खेळाडूंचा सगळा खर्च कॉलेजच उचलते, असे पुतण्या सांगतो. आम्हाला मिळते ते न्याय्य आहे का? आणखी मागणे कृतघ्नपणा ठरेल का?
– एक पालक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : कृतघ्नपणा मुळीच ठरणार नाही. कला शाखेची फी हा आपल्या खर्चाचा सर्वांत लहान भाग आहे आणि नेमका तेवढाच माफ झाला आहे.

या अंतराची धावपटू सरावात आठवड्याला ६०-७० किलोमीटर सहज धावते. बुटाचा तळ साधारण ७००-८०० किलोमीटरनंतर दबतो. वरून जोड चांगला दिसला तरी त्यापुढचा मार नडगीला आणि गुडघ्याला बसतो. म्हणजे वर्षाला चार-पाच जोड लागतात, शर्यतीचे खिळ्यांचे बूट (स्पाइक्स) वेगळे. एसटीच्या विद्यार्थी पासाला मोठी सवलत असते, परंतु पहाटेच्या सरावाला पोचवणारी गाडीच नसेल तर त्या पासाचा उपयोग नाही, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात उशिरा धावणे अंगावर येते, म्हणून तालुक्याला खोली घ्यावी लागते. शिवाय वेचणीच्या दिवसांत मुलगी वावरात नसते, तिच्या जागी मजूर लावावा लागतो. ही मजुरी कोणतीही शिष्यवृत्ती हिशेबात धरत नाही, आणि मला हाच सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

पुतण्याचे म्हणणे अर्धेच खरे आहे. तेथील ‘पूर्ण’ शिष्यवृत्तीतसुद्धा अनेक वर्षे शिक्षण शुल्क, निवास, भोजन आणि पुस्तके एवढेच येत असे. घरी जाण्याचा प्रवास आणि किरकोळ खर्च खेळाडूच्या माथी असत. २०१५ साली पाच मोठ्या परिषदांतील (आपसांत स्पर्धा खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांतील) विद्यापीठांनी शिक्षणाचा प्रत्यक्ष एकूण खर्च देण्याची मुभा मान्य केली, तेव्हा ही तफावत भरू लागली. तरीही तेथील महाविद्यालयीन खेळांच्या तीन श्रेणींपैकी पहिल्या, सर्वांत वरच्या श्रेणीत महिलांच्या अ‍ॅथलेटिक्स संघाला अलीकडेपर्यंत १८ शिष्यवृत्त्यांचीच मर्यादा होती, आणि त्या मोठ्या संघात वाटल्या जात असल्यामुळे अनेकींच्या वाट्याला अर्धी-पावच येई. तिसऱ्या श्रेणीत तर खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत.

फीशिवायचा खर्चही खेळाडूचा खर्चच असतो, हे आपल्या सरकारनेही मान्य केले आहे. ‘खेलो इंडिया’ योजनेत निवड झालेल्या खेळाडूला प्रशिक्षणाच्या खर्चाव्यतिरिक्त दरमहा १०,००० रुपये हातखर्चाला मिळतात. ती निवड मोजक्यांचीच होते, म्हणून तिच्यावर विसंबून राहू नये. मात्र महाविद्यालयाकडे मागणी करताना हा दाखला अवश्य द्यावा.

आजपासून एका वहीत तारीखवार खर्च लिहावा : दूध, अंडी, खोलीभाडे, बूट, मलमपट्टी, बसभाडे. तीन महिन्यांचा हिशेब झाला की त्याची प्रत आणि स्पर्धांची प्रमाणपत्रे जोडून प्राचार्य व क्रीडा संचालक यांच्या नावे लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी. विद्यार्थ्यांकडून क्रीडा शुल्क घेतले जात असेल, तर त्यातून खुराकासाठी किती तरतूद आहे, हे नम्रपणे विचारावे. दुखापत झाल्यास उपचाराचा खर्च कोण करणार आणि त्या काळात फी माफी चालू राहील का, हेही त्याच अर्जात विचारून घ्यावे.