कार्गो पायलट: मागे माणसं नाहीत म्हणून धोका कमी?

प्रश्न असा आहे: "मुलगा बारामतीत सीपीएल (व्यावसायिक पायलटचा परवाना) करतोय, पुढे कार्गो कंपनीत जायचं म्हणतो. त्याचे काका म्हणतात, मागे माणसं नसतात, त्यामुळे धोका कमी आणि टेन्शनही कमी. करिअर म्हणून कसं आहे?"

करिअरचं नंतर बघू, आधी काकांचं. पुण्यात लग्नाच्या पंगतीत कार्गो पायलट म्हटलं की "म्हणजे कुरिअरची विमानं ना?" हे ठरलेलं. २०२१ च्या जानेवारीत कोविशिल्डची खोकी लोहगाव विमानतळावरून निघाली, तेव्हा चार दिवस कौतुक झालं, एवढंच.

प्रवासी विमानात धूर झाला तर वास घ्यायला दीडशे नाकं असतात आणि पोटातल्या होल्डमध्ये, म्हणजे सामानाच्या कप्प्यात, हॅलॉन हा आग विझवणारा वायू असतो. मालवाहू विमानाच्या मुख्य डेकवर, म्हणजे एरवी प्रवासी बसतात त्या मजल्यावर, बहुधा हॅलॉन नसतोच. तिथे धूर ओळखणारे सेन्सर असतात आणि उपाय एकच: डेकची हवा बंद करायची, दाब सोडून द्यायचा, साधारण २५,००० फुटांवर राहून आगीचा ऑक्सिजन तोडायचा. दोन्ही पायलट मास्क लावून. याने आग मंदावते, विझेलच असं नाही. लिथियम बॅटरी पेटली तर या उपायाला ती फारशी जुमानत नाही.

३ सप्टेंबर २०१० ला यूपीएस या अमेरिकन कुरिअर कंपनीचं ७४७-४०० दुबईहून जर्मनीतल्या कोलोनला निघालं. मालात लिथियम बॅटऱ्या होत्या. उड्डाणानंतर सुमारे बावीस मिनिटांनी मुख्य डेकवर आगीची घंटा वाजली. बहारीनच्या कंट्रोलरने सांगितलं, दोहा शंभर मैलांवर आहे. कॅप्टनने दुबईला परतायचं ठरवलं, ते त्याहून बरंच लांब होतं. काही मिनिटांत आगीने कंट्रोलच्या केबल निकामी व्हायला लागल्या. धूर एवढा की पॅनल दिसेना, रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलता येईना, निरोप दुसऱ्या विमानांमार्फत द्यावे लागले. कॅप्टनच्या मास्कचा ऑक्सिजन थांबला. तो दुसरा शोधायला सीटवरून उठला आणि परतला नाही. फर्स्ट ऑफिसर एकटा, न दिसणारं विमान घेऊन दुबईवरून पुढे निघून गेला. घंटेपासून विमान कोसळेपर्यंत अर्ध्या तासापेक्षा कमी वेळ लागला. पुढच्याच वर्षी एशियाना या कोरियन कंपनीचं मालवाहू ७४७ आग लागून कोरियातल्या जेजू बेटाजवळ समुद्रात पडलं.

एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानात माल म्हणून न्यायला बंदी आहे. त्या जातात मालवाहू विमानातून, जास्तीत जास्त ३० टक्के चार्ज ठेवून. म्हणजे जे प्रवाशांखाली चालत नाही ते आपल्या पाठीमागे येतं. काकांना एवढंच वाचून दाखवा.

मुलाने टेकऑफइतकीच नोटॉक, म्हणजे विमानातल्या धोकादायक मालाची कॅप्टनला मिळणारी यादी, वाचायला शिकावी. यूएन नंबर (धोकादायक पदार्थाचा ठरलेला क्रमांक), वजन, कुठल्या पोझिशनला आणि "फक्त मालवाहू विमान" लेबल आहे का. तसं लेबल असलेला माल हात पोचेल अशा जागी हवा. ड्राय आइस असेल तर कार्बन डायऑक्साइड खाली साचतो, जमिनीवर एसी बंद असताना जास्तच. मग दारातून डेकवर नजर टाकायची: पॅलेटचे (माल बांधलेल्या फळ्यांचे) लॉक उभे आहेत का, रिकाम्या पोझिशनच्या पुढचे-मागचेही. एक लॉक नादुरुस्त असला तर त्या पोझिशनचं मान्य वजन कमी होतं, किती ते मॅन्युअलमध्ये असतं. "सब लॉक है, कॅप्टन" हे उत्तर धरू नये. २०१३ मध्ये अफगाणिस्तानातल्या बगरामला ७४७ मध्ये पट्ट्यांनी बांधलेली चिलखती वाहनं होती. टेकऑफलाच एक मागे सरकलं, हायड्रॉलिक आणि शेपटीचा जॅकस्क्रू (विमानाचं नाक वर-खाली ठेवणारा मोठा स्क्रू) मोडला, सातही जण गेले. तिथे पायलटच्या हातात काही उरलंच नव्हतं.

दुसरा शत्रू झोप. पहाटे दोन ते सहा शरीर मंदच असतं, कितीही सवय असली तरी. ऑगस्ट २०१३ मध्ये बर्मिंगहॅम, अलाबामाला यूपीएसचं ए-३०० पहाटे पाचच्या आत धावपट्टीच्या अलीकडे आदळलं. अस्थिर अप्रोच (उतरण्यासाठी धावपट्टीकडे येणं) आणि थकवा दोन्ही अहवालात आहेत. तरी अमेरिकेच्या २०१४ च्या थकवा नियमांतून कार्गोला वगळलं. रात्रपाळीच्या आधी दुपारची झोप ही ड्यूटीच समजा आणि घरी त्या वेळेत बेल बंद ठेवा.

आता करिअर. भारतात जागा थोड्या. ब्लू डार्टचं केंद्र चेन्नई, क्विकजेट बेंगळुरूचं, प्रधान एअर दिल्लीचं. इंडिगोच्या चारशेहून अधिक विमानांत मालवाहू मोजकीच. पुण्यात घरी राहून नोकरी, हे डोक्यातून काढा. रात्रीला एक-दोन सेक्टर (फेऱ्या), त्यामुळे एटीपीएलचे, म्हणजे कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या परवान्याचे, १,५०० तास प्रवासी कंपनीपेक्षा हळू भरतात. टाइप रेटिंग (ठराविक विमान चालवायची परवानगी) ७३७ किंवा ए-३२० चं असेल तर दोन्ही बाजूंना चालतं. ७५७ चं घेताना विचार करा: ते विमान बनणं २००४ मध्येच थांबलं, भारतात प्रवासी ७५७ कुणाकडे नाही.

कार्गो वाईट असं मी म्हणत नाही. प्रवाशांची कटकट नाही, काम नीटनेटकं, आणि रात्रीचं आकाश मोकळं. फक्त क्लास १ मेडिकल (पायलटची वैद्यकीय तपासणी) पक्कं झालेलं नसेल तर पुढचा हप्ता भरण्याआधी ते करा, आणि रेटिंगचा बाँड (कंपनीत टिकून राहायचा करार) किती वर्षांचा, मध्येच सोडलं तर किती भरायचं, हे सही करण्याआधी लेखी घ्या.