स्टीमवर किती विसंबावे?

पहिलाच गेम घेण्याआधी तुम्ही विचारले आहे म्हणून सांगतो, स्टीमवर (संगणकावरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर) खरेदी खुशाल करावी, पण तिला मालकी समजू नये. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांहून कमी खेळले असल्यास पैसे परत मिळतात, ही सोय चांगलीच आहे. मात्र ती २०१५ साली आली, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीला कोर्टात खेचल्यानंतर (पुढे ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंडही झाला). ठाणे स्टेशनजवळच्या दुकानातून घेतलेली माझी ओरखडे पडलेली सीडी आजही कपाटात आहे. स्टीमवर मात्र मिळतो तो केवळ गेम खेळण्याचा परवाना. कायम जपावासा वाटणारा गेम जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानावर असल्यास तिथूनच घ्यावा आणि त्याचा इन्स्टॉलर (गेम संगणकावर बसवण्याची फाइल) हार्डडिस्कवर उतरवून ठेवावा, म्हणजे त्या सीडीसारखा तो तुमच्याजवळच राहील.