सील दोनदा बदललं, तेल काही थांबेना

प्रश्न : मामा, नमस्कार. आमच्याकडं 2005ची सुमो आहे. वडिलांनी हौसेनं घेतलेली, त्यामुळं विकायचं नाव कुणी काढत नाही. पॉवर स्टीअरिंगच्या बॉक्सखालून लाल तेल गळतंय. अंगणातल्या शहाबादी फरशीवर रोज सकाळी रुपयाएवढा डाग. वर्षात दोनदा सील बदललं. महिना-दोन महिने कोरडं राहतं, मग पुन्हा तेच. आता मेकॅनिक म्हणतो, बॉक्सच बदला. काय करू?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : एवढ्यात बॉक्स बदलू नका. आधी मेकॅनिकला एवढंच विचारा : दोन्ही वेळा सील काढल्यावर शाफ्टवर नख फिरवून बघितलं होतं का?

बॉक्समधून खाली जो जाड शाफ्ट येतो, त्याला चाकं वळवणाऱ्या दांड्यांना जोडलेला पिटमन आर्म बसतो. आपल्याकडं बरेच जण त्याला ड्रॉप आर्म म्हणतात. तिथलं सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, शाफ्टला ओठानं (आतल्या पातळ कडेनं) धरून असतं. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीचा चिखल नेमका त्या ओठापाशी जाऊन बसतो, वाळतो, आणि प्रत्येक वळणाला कानशीसारखा घासतो. असं वर्षानुवर्षं झालं की शाफ्टवर गोल खाच पडते. डोळ्याला नुसती चकचकीत रेघ दिसते, पण नख आडवं ओढलं की टचकन अडकतं. नवं सील त्याच जागी बसवलं की त्याचा ओठ त्याच खाचेवर येतो. थोडे दिवस दम धरतं, मग गळतं. त्यात सीलचा काय दोष?

खाच बारीक असेल आणि बॉक्सात जागा असेल, तर सील दीड-दोन मिलिमीटर पुढं-मागं बसवायचं, म्हणजे ओठाला कोरी जागा मिळते. खोल असेल तर शाफ्टच बदलावा लागतो. शिवाय आर्म हातात धरून आडवा हलवून बघा. शाफ्ट बॉक्सात डुगडुगत असेल तर आतलं बेअरिंग गेलंय. मग बॉक्स पूर्ण खोलणंच आलं, सोन्याचं सील घातलं तरी टिकणार नाही.

दुसरी शंका बसवण्याची. परभणीत मी हेल्पर होतो तेव्हा असंच एक सील मोठ्या तोऱ्यात बसवलं, आणि संध्याकाळपर्यंत गाडी तेल गाळत परत. उस्तादांनी सील काढून माझ्या तळहातावर ठेवलं. ओठावर ब्लेड मारल्यासारख्या तीन चिरा. “सील खराब नहीं बेटा, तूने काटा है.” शाफ्टच्या टोकाला आर्मसाठी दाते असतात, त्यांच्यावरून सील तसंच सरकवलं की ओठ चिरतो. तेव्हापासून दात्यांवर चिकटपट्टी गुंडाळून, तेलाचं बोट फिरवल्याशिवाय मी सील घालत नाही. तुमच्या मेकॅनिकला हेही विचारा. राग आला तर येऊ द्या.

आर्म काढण्याआधी शाफ्ट आणि आर्म दोन्हींवर पंचनं खूण करून घ्या, नाहीतर स्टीअरिंग वाकडं बसेल. काढायचा तो पुलरनं, म्हणजे ओढून काढायच्या हत्यारानं. घण मारला की हादरा आतल्या बेअरिंगला बसतो. बॉक्सवरचा अॅडजस्टिंग स्क्रू ‘प्ले (स्टीअरिंगचा ढिलेपणा) निघतो’ म्हणून कुणी आवळायला निघालं तर हात धरा.

आणि हो, सगळ्यात आधी हे करा : बॉक्स डिझेलनं धुऊन कोरडा पुसा, इंजिन चालू करून एकाला स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवायला सांगा आणि तुम्ही बाजूला राहून बॅटरीच्या उजेडात बघा. टोकाला चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका. कधीकधी वरच्या पाईपचा जॉइंट गळतो, तेल ओघळून खाली येतं आणि बदनाम होतं खालचं सील.

प्रश्न : स्टीअरिंगचं तेल कमी झालं की कुंई-कुंई आवाज येतो. घरात ब्रेक ऑईलचा डबा आहे, तेच टाकलं तर?
– एक वाचक, वसमत

उत्तर : अजिबात नको. त्यानं आतली सगळी रबरं फुगून वाया जातील. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच तेल घाला. मग आत शिरलेली हवा काढायला पुढची चाकं जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग पंधरा-वीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि मधेमधे तेल भरत राहा. स्टीअरिंग तेलाच्या टाकीत फेस दिसतोय तोवर आत हवा आहे.