लहान बाळं आपल्याला इतकी गोंडस का वाटतात?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. माणसाला बाळं गोंडस का वाटतात, हा एक. बहिणीचं आठ दिवसांचं बाळ पाहून तुम्हाला काहीच का वाटलं नाही, हा दुसरा. दुसरा माझ्या धंद्यातला आहे (चोपड्याला फोटो स्टुडिओ आहे माझा), म्हणून तो आधी घेतो.

तुमच्यात काही बिघडलेलं नाही. नवजात बाळ फारसं गोंडस दिसत नाही, फक्त आम्ही फोटोवाले ते गिऱ्हाइकासमोर बोलत नाही. बारशाला गेलं की पाळण्यात लालसर, सुरकुतलेला, डोळे मिटलेला जीव असतो. आजी म्हणते, "व माय, कितला गोड शे!" आणि आपण मान डोलवायची. तेच बाळ सहाव्या महिन्यात स्टुडिओत आलं की शेजारचा चहावालाही आत डोकावून जातो. कॅनडातल्या संशोधकांनी २०१८ साली हे तपासलं. त्याच बाळांचे जन्मानंतरचे, तीन महिन्यांचे आणि सहा महिन्यांचे फोटो लोकांना दाखवले, तर सहा महिन्यांचे चेहरे सर्वांत जास्त आवडले. पूर्वी कितीतरी बाळं पहिल्या आठवड्यांतच जायची, म्हणून जीव सावकाश जडत असावा, असा त्यांचा तर्क. पाचवीला सटवाईची पूजा घालून रात्र जागवणाऱ्या आपल्या लोकांना तो समजावून सांगायला नको.

आता पहिला भाग. कोनराड लोरेंझ नावाचे ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ होते (१९७३ साली त्यांना नोबेल मिळालं). त्यांनी १९४३ मध्ये मांडलं की ठरावीक ठेवण दिसली की माणसाच्या मनात माया आपोआप जागी होते. शरीराच्या मानाने मोठं डोकं, पुढे आलेलं कपाळ, चेहऱ्यावर जरा खाली असलेले मोठे डोळे, फुगरे गाल, आखूड हातपाय, धडपडत्या हालचाली. ही यादी वाचली आणि माझ्या लक्षात आलं की आम्ही हेच करत आलोय. बाळाचा फोटो किंचित वरून घेतला की कपाळ आणि डोळे मोठे येतात, पाय आखूड दिसतात, आणि आई खूश. काजळानेही तेच होतं. त्याने डोळे मोठे होत नाहीत, दिसतात फक्त. (काजळात शिसं असू शकतं, म्हणून बालरोगतज्ज्ञ ते घालू नका म्हणतात. फोटोसाठीसुद्धा नको.)

२००९ मधल्या एका प्रयोगात बाळांचे फोटो संगणकावर असेच बदलले होते: काहींत गाल गोल आणि डोळे मोठे केले, काहींत उलट. मूल न झालेल्या बायकांना ते दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं. चेहरा जितका जास्त 'बाळासारखा', तितका मेंदूतला बक्षिसाचा आनंद देणारा भाग जास्त जागा झाला. म्हणजे पोटचं पोर असायची गरजच नाही.

आणि मला वाटतं, खरी मेख इथेच आहे. गाईचं वासरू जन्मल्यावर तास-दोन तासांत उभं राहून आचळाला लागतं. माणसाच्या पोराला चालायला वर्ष लागतं. जन्मताना त्याचा मेंदू मोठ्या माणसाच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढा असतो, उरलेली वाढ बाहेर आल्यावर. इतकं परावलंबी पोर एकट्या आईला झेपणारं नाही. मानववंशशास्त्रज्ञ सारा हर्डी हेच सांगतात: चिंपांझीची आई सुरुवातीचे काही महिने पिलू कोणाच्या हातात देत नाही, माणसाची आई देते, आणि घेणारेही हौसेने घेतात. कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्याकडे शेताच्या बांधावर निंबाला झोळी बांधलेली असते. जाणारा-येणारा कोणीही तिला झोका देऊन जातो. एसटीत उभ्या असलेल्या बाईचं बाळ खिडकीजवळचा अनोळखी माणूस मांडीवर घेतो. गोंडसपणाचं काम हेच: परक्यालाही हात पुढे करायला लावणं. पुरुषही यातून सुटत नाहीत, वरवर कितीही कोरडे राहिले तरी.

ही ओढ इतकी ढोबळ आहे की ती माणसाच्या पिलापाशी थांबत नाही. कुत्र्याचं पिल्लू, करडू, मोठ्या डोळ्यांचं कार्टून, सगळ्यांवर ती सांडते.

आणखी एक गंमत. आत्या दात-ओठ खात गालगुच्चा घेते, "खाऊन टाकू का तुला?" म्हणते. तेव्हा येल विद्यापीठात काम करणाऱ्या ओरियाना अरागॉन यांनी २०१५ मध्ये यावर लिहिलं. भावना अनावर झाली की माणूस उलट भावना दाखवतो, त्याने बहुधा तोल सावरतो, असं त्यांचं म्हणणं. बाळ मात्र भोकाड पसरतं आणि माझा अर्धा तास जातो.

तेव्हा बहिणीकडे पाच-सहा महिन्यांनी परत जा. फोटोही तेव्हाच काढा, सकाळी, दूध पिऊन झोप झाल्यावर. आणि आत्याला जरा लांब बसवा.