दहा हजार डाउनलोडची अट आधी मागे घ्या

वसमत तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शिक्षकांचं पत्र आहे. मुलगी नांदेडला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन मैत्रिणींसोबत तिनं हळदीचे बाजारभाव दाखवणारं ॲप केलंय. लोकांनी ते एकमेकांना पाठवावं म्हणून तिला त्यात 'रेफरल' (ओळखीच्याला ॲप घ्यायला लावलं की बक्षीस) बसवायचंय आणि बक्षिसांसाठी तिनं वडिलांकडे २५,००० रुपये मागितलेत. वडिलांना हा साखळी योजनेचा प्रकार वाटतो. त्यांनी अट घातली आहे: दिवाळीपर्यंत १०,००० डाउनलोड, नाहीतर ॲप बंद आणि एमपीएससीसाठी पुणे. 'याला करिअर म्हणायचं का?' असा त्यांचा प्रश्न आहे.

नमस्कार सर,

प्रश्नाचं उत्तर देतो, पण त्याआधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्याबद्दल बोलू द्या. तुम्ही लिहिलंय, 'पाहुणे विचारतात पोरगी काय करते, तेव्हा सांगायला काहीतरी आकडा पाहिजे.' म्हणजे अट पाहुण्यांसाठी आहे आणि तिचा भार मुलगी वाहते आहे. पुढे तुम्ही सहज लिहून गेलात की शिक्षकांच्या तीन ग्रुपवर लिंक टाकून सगळ्यांना डाउनलोड करायला लावलं, आठवड्यात ३०० वाढले, महिन्यात बहुतेकांनी काढून टाकलं, आणि त्यावरून घरात बोलणं झालं. आता ती जेवायलाही तुमच्यासोबत बसत नाही. सर, ज्यांच्या रानात हळदीचं एक बेणं नाही त्यांनी भावाचं ॲप ठेवावं कशाला? त्यांनी तुमच्या शब्दाखातर घेतलं आणि काढून टाकलं. त्यात मुलीची काय चूक? उलट तिच्या आकड्यांत हे ३०० मिसळल्यामुळे खरे शेतकरी किती टिकतात, हे तिला दिसेनासं झालं. अट दिवाळीची, हेही चुकलंच. मोंढ्यात हळदीची मोठी आवक उन्हाळ्यात असते, हे वसमतच्या माणसाला मी काय सांगावं? हंगाम नसताना भाव बघायला कोण येणार?

साखळीची तुमची धास्ती मात्र खोटी नाही. जादा व्याजाच्या नादात मल्टिस्टेट आणि पतसंस्थांत पैसे अडकलेली घरं मराठवाड्यात गावोगाव आहेत, त्यामुळे 'माणूस आणा, पैसे मिळवा' ऐकलं की काळजी वाटणारच. पण दोन गोष्टींची गल्लत होतेय. साखळी योजनेत नवा माणूस आत यायला पैसे भरतो, त्याच्याच पैशातून वरच्यांना वाटा मिळतो आणि पातळ्या वाढत जातात. त्यावर १९७८ पासून बंदीचा कायदा आहे, आणि थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनीही पिरॅमिड योजनांना मनाई केली आहे. रेफरलमध्ये येणारा एक पैसाही भरत नाही. बक्षीस कंपनी स्वतःच्या जाहिरातखर्चातून देते, आणि तेही एकाच पातळीवर. गूगलनं २०१७ मध्ये तेझ हे पैसे पाठवायचं ॲप आणलं तेव्हा बोलावणारा आणि येणारा, दोघांना ५१ रुपये मिळत, पण नव्या माणसानं पहिला व्यवहार केल्यावरच. ड्रॉपबॉक्सनं तर पैसेही दिले नाहीत, दोघांना फाइली ठेवायला जास्तीची जागा दिली. सप्टेंबर २००८ ते जानेवारी २०१० या काळात त्यांचे वापरकर्ते १ लाखावरून ४० लाखांवर गेले, त्यात या योजनेचा मोठा हात होता. मुलीला एवढंच बजावा: 'त्यानं आणलेल्याचंही कमिशन' हा प्रकार ॲपमध्ये कधीच येता कामा नये.

आता ते २५,०००. देऊ नका. कारण वेगळं आहे: रोख रक्कम ठेवली की रोख रकमेसाठीच माणसं येतात. एकाच घरात दोन सिम, तेच ॲप काढून पुन्हा टाकणं, कॉम्प्युटरवर खोटा फोन चालवणं, हे सगळं पहिल्या आठवड्यात सुरू होतं. बक्षीस द्यायचंच तर ॲपच्या कामातलं द्यावं. समजा, ठरवलेला भाव आला की दोघांनाही सूचना. आणि तेही नव्या माणसानं आठवड्यात तीन वेगवेगळ्या दिवशी भाव पाहिल्यावर, नुसतं ॲप टाकल्यावर नाही.

इथून पुढचं मुलीला वाचायला द्या.

शेतकरी ॲप पाठवत नाही, तो भाव पाठवतो. 'हे ॲप डाउनलोड करा' या मजकुराऐवजी भावाचं कार्ड पाठवता आलं पाहिजे: बाजार समिती, तारीख, हळदीचा प्रकार (कांडी की गट्टू), आवक किती क्विंटल, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर. ज्याला मिळालं त्याला हे सगळं ॲप न टाकता दिसावं, खाली लिंक. 'मित्रांना कळवा' हे बटण पहिल्यांदा ॲप उघडताच पुढे करू नये, भाव पाहून झाल्यावर त्याच पानावर ठेवावं. ॲन्ड्रॉइडचं स्वतःचं शेअर करण्याचं पान वापरावं. त्याला फोनबुकची परवानगी लागत नाही, आणि ती मागितली की सावध माणूस तिथूनच परत जातो. व्हॉट्सॲपवर लिंकसोबत चित्र दिसत नसेल तर पानाचे ओपन ग्राफ टॅग (लिंकसोबत कोणतं नाव आणि चित्र दाखवायचं हे सांगणाऱ्या ओळी) तपासावेत आणि चित्र ३०० केबीच्या आत आणावं.

सगळ्यात जास्त गळती लिंक आणि प्ले स्टोअर यांच्या मधे होते. कोणी पाठवलं हे त्या उडीत हरवतं, मग कोड हातानं टाकायला सांगावं लागतं आणि तो कोणी टाकत नाही. त्यासाठी प्ले स्टोअरच्या लिंकमध्येच 'रेफरर', म्हणजे कोणी पाठवलं याची खूण, जोडावा आणि ॲप पहिल्यांदा उघडल्यावर गूगलच्या इन्स्टॉल रेफरर एपीआयनं वाचून घ्यावा. यूट्यूबवरचे जुने धडे यासाठी गूगलची फायरबेस डायनॅमिक लिंक्स वापरायला सांगतात; ती सेवा २५ ऑगस्ट २०२५ ला बंद झाली आहे. ज्याच्याकडे ॲप आधीच आहे त्याच्याकडे लिंक ब्राउझरमध्ये उघडत असेल, तर बहुतेक वेळा वेबसाइटवरच्या असेटलिंक्स फाइलमध्ये (ॲप याच वेबसाइटचं आहे हे फोनला सांगणारी फाइल) अपलोड कीचा, म्हणजे ॲप प्ले स्टोअरवर चढवतानाच्या डिजिटल सहीचा ठसा टाकलेला असतो. प्ले कन्सोलमधला ॲप साइनिंग कीचा, म्हणजे प्ले स्टोअर ॲप लोकांना देताना लावतं त्या सहीचा, एसएचए-२५६ ठसा तिथं हवा. या एका चुकीत मुलांचे आठवडे जातात.

मोजायचं कसं, ते दोघांनीही समजून घ्या. १०० जणांपैकी २० जणांनी प्रत्येकी ५ जणांना लिंक पाठवली आणि लिंक मिळालेल्या त्या १०० पैकी १२ जणांनी ॲप घेतलं, तर गुणांक, म्हणजे एका माणसामागे येणारी नवी माणसं, ०.१२. ते १२ आणखी एखाद-दुसरा आणतील आणि १०० चे ११३-११४ होऊन थांबेल. या हिशेबानं १०,००० व्हायला सुमारे ८,८०० माणसं दुसऱ्याच वाटेनं आणावी लागतील. गुणांक १ च्या वर टिकवणं मोठमोठ्या कंपन्यांना जमत नाही. सर, तुमच्या अटीमागे हा हिशेब कुठेच नव्हता.

हे करिअर आहे का? आहे, पण 'ग्रोथ मॅनेजर' (ॲपचे वापरकर्ते वाढवणारा) म्हणून फ्रेशरला सहसा कोणी घेत नाही. ॲन्ड्रॉइड डेव्हलपर किंवा डेटा ॲनालिस्ट म्हणून पुण्यात, हैदराबादला शिरायचं आणि दोन-तीन वर्षांनी या कामाकडे वळायचं. त्यासाठी एसक्यूएल, म्हणजे साठवलेल्या माहितीतून हवे ते आकडे काढायची भाषा, पक्कं लागतं. मुलीनं ॲपचे आकडे नुसते स्क्रीनवर पाहिलेत, स्वतः क्वेरी लिहून काढलेले नाहीत, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. ते तिनं याच सेमिस्टरला करावं. हेच ॲप शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून घ्यावं. मुलाखतीत '३०० आले' हे ऐकून कोणी प्रभावित होत नाही. 'ग्रुपवरून आलेल्यांपैकी सातव्या दिवशी इतके उरले, भावाचं कार्ड बघून आलेल्यांपैकी इतके, म्हणून आम्ही बटणाची जागा बदलली' असं सांगणाऱ्या मुलीला पुढचा प्रश्न विचारला जातो.

एमपीएससी तिला स्वतःला करायची असेल तर जरूर करू द्या. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, ती कोणाच्या सांगण्यावरून देण्याजोगी नाही.

तुम्हाला मदत करायचीच असेल तर एक काम आहे. तुमच्या शाळेतल्या मुलांचे पालक हळद लावत असतील. त्यातल्या पाच-सहा जणांशी तिची गाठ घालून द्या. त्यांच्या हातात फोन द्यावा आणि तिनं काही न सांगता बघावं, भाव दिसल्यावर ते शेअरचं बटण दाबतात की सरळ स्क्रीनशॉट काढतात. स्क्रीनशॉटसोबत लिंक जात नाही. तसं होत असेल तर भावाच्या पानावरच खाली ॲपचं नाव ठळक छापायला सांगा.